राखणीचं स्टूल

अख्खी गल्ली तिला वहिनी म्हणायची. टेम्पोवाला, शाईवाला, समोरचा कुलूपवाला, इतकंच काय, तिच्याहून वयाने मोठी असलेली चहावालीसुद्धा. ज्या दादामुळे ती सगळ्यांची वहिनी झाली तो दादा हिवाळ्यात गेला, हाक मात्र मागे राहिली. पाठीमागून कुणी "वहिनी!" म्हणालं की ती वळायची, आणि वळता वळता दर वेळी तिला वाटून जायचं, हाक मारणाऱ्याच्या शेजारी तो उभा असणार. त्याच्याशिवाय ही हाक पुरी कशी होईल?

दादाचा खोक्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. दोन खोल्या, मध्ये भिंत, भिंतीत दार नसलेली नुसती चौकट. मागच्या खोलीत पंचिंग मशीन. पुढच्या खोलीत लांब टेबल, गोंदाचं भांडं, दोन ब्रश, आणि टेबलाच्या दोन टोकांना नणंद आणि भावजय. मागे पुठ्ठा कापला जायचा, त्यावर घड्यांच्या रेघा उठायच्या. पुढे या दोघी रेघांवर घड्या घालायच्या, कड चिकटवायच्या आणि खोकं उभं करायच्या. बुटांची खोकी, बल्बची खोकी, औषधांच्या बाटल्यांची खोकी. इतकी वर्षं हेच करून वहिनीला माणसंसुद्धा खोक्यांच्या मापात दिसायला लागली होती. कुलूपवाला म्हणजे चेपलेलं बुटाचं खोकं. नणंद काडेपेटीच्या मापाची: एवढीशी, आणि घासली की पेटणारी. दादाचं माप मात्र तिला कधी सापडलं नव्हतं.

मागच्या खोलीतलं मशीन म्हणजे एक उभा जबडा. उघडला की आत पुठ्ठ्याचा तक्ता ठेवायचा. मिटला की साच्याच्या पात्या तक्त्याचा चावा घेतात. पुन्हा उघडला की कापलेला तक्ता ओढायचा, नवा सरकवायचा. जबडा कुणासाठी थांबत नाही. उघड-मीट, उघड-मीट, दिवसभर. हात आत, हात बाहेर, आणि मधल्या वेळात दुसरं काही मनात आणायचं नाही. मशीनच्या अंगाला एका खांबावर लाल बटण, आणि बटणाजवळ एक स्टूल. त्या स्टुलावरच्या माणसाने काही करायचं नसतं. चालवणाऱ्याच्या हातांकडे बघत बसायचं, आणि हात आत राहिला असं वाटलं की बटण दाबायचं. याला धंद्यात राखण म्हणतात.

राखणीला दादा स्वतः बसायचा. मालक असून! निळा एप्रन घालून, गुडघ्यावर एक हात, बटणाशी दुसरा. मशीनवर वकील. हा काही खरा वकील नव्हे. शाळेचं तोंड त्याने जेमतेम पाहिलेलं. पण दिवसभर कशा ना कशावर वाद घालायचा, पुठ्ठ्याशी, मशीनशी, डब्यातल्या भाजीशी, म्हणून वकील. डाव्या हाताची दोन बोटं त्याने तरुणपणी मोठ्या कारखान्यात घालवली होती. तिथे तो आणि दादा एकत्र कामाला होते. दादाने स्वतःचं काही सुरू करायचं ठरवलं तेव्हा मशीन नंतर घेतलं, वकिलाला आधी विचारलं. एवढंच वहिनीला ठाऊक होतं. बोटांचं तिने कधी विचारलं नाही.

विचारायची ती वेगळंच.

"इतरांचे मालक गावभर हिंडून ऑर्डरी आणतात," ती चौकटीतून म्हणायची, "आमचे मालक स्टूल उबवतात."

"अंडं निघालं की सांगतो," दादा वकिलाच्या हातांवरची नजर न काढता म्हणायचा.

"तिथे एखादा माणूस बसवा ना."

"मी कोण आहे मग?"

"मालक."

"म्हणजे माणसातून गेलो?"

"माझा मुद्दा असा आहे वहिनी," वकील मध्ये तोंड घालायचा, "की यांना उठवलंत तर मला बोलायला कोण?"

तिघं हसायची, चौथी पुढच्या खोलीतून "गोंद वाळतोय!" म्हणून ओरडायची. अधूनमधून मशीनचा आवाज थांबायचा. दादा एप्रनशिवाय पुढे यायचा, माठातलं पाणी प्यायचा, दोन शब्द बोलून परत जायचा, आणि मशीन पुन्हा सुरू व्हायचं. वहिनीला वाटायचं, वकील तेवढाच दम खातो. एप्रन तेव्हा स्टुलावर असायचा. तो तिने चौकटीतून कितीदा पाहिला होता. पाहिला होता, एवढंच.

मग एका दुपारी छातीत कळ आली म्हणून दादा दवाखान्यात चालत गेला तो परत आला नाही.

कारखाना पुन्हा उघडला त्या सकाळी तिघंही मागच्या खोलीत उभी होती. वकिलाने तक्ते रचले, साचा बसवला, तेल दिलं. हिरव्या बटणावर बोट ठेवलं, आणि तसाच उभा राहिला.

"काय रे?" वहिनीने विचारलं.

"स्टूल," तो म्हणाला.

स्टूल रिकामं होतं. बसून बसून त्याच्या फळीला मध्ये खळगा पडला होता, आणि त्या खळग्यात धूळ होती. नणंदेने तोंड फिरवलं. वहिनीला ते बघवेना. तिने खुंटीवरचा एप्रन काढला. पोटाशी अजून त्याच्या बसण्याच्या चुण्या होत्या. तो तिने स्टुलावर ठेवला, नुसता टाकला नाही, बसवला. वरचा भाग भिंतीला टेकवून, खिसा समोर घेऊन, खिशाची दुमडलेली कड बोटाने सरळ करून. तिघं तिथे ताटकळत उभी होती, कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"बसलेत ते," ती म्हणाली. "कर सुरू."

वकिलाने तिच्याकडे पाहिलं. काय पाहणं होतं ते! तोंड थोडं उघडं, बोट बटणावर, आणि डोळे तिच्या तोंडाकडे, जणू दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज तिच्या तोंडून आला होता. मग त्याने तोंड मिटलं आणि हिरवं बटण दाबलं.

तेव्हापासून दादा कारखान्यात होता.

घरी नव्हता. घरी त्याची उशी नुसती उशी होती, चष्मा नुसता चष्मा. वहिनीने रात्री उशीला हात लावून पाहिलं होतं, काही नाही. पण कारखान्याचं कुलूप काढलं की आत कुणीतरी आधीच येऊन बसलंय असं वाटायचं. गोंदाचा वास, पुठ्ठ्याचा वास, आणि त्यामागे तिसरा, त्याच्या मानेचा. सकाळी एप्रनचे बंद डावीकडे लोंबत असले तर संध्याकाळी उजवीकडे असायचे. एकदा त्यांना गाठ मारलेली होती, दादा मारायचा तशी, ओढली की सुटणारी. कोण करतं हे? तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

आणि वकील बोलायचा. मशीनच्या धडधडीतून त्याचा आवाज पुढच्या खोलीत यायचा.

"माझा मुद्दा असा आहे दादा, की हा पुठ्ठा ओलसर आहे."

मग तो थांबायचा.

"असं कसं म्हणता? हात लावून बघा की."

मग आणखी थांबायचा.

"बरं बाबा. तुम्ही म्हणाल तसं."

वहिनीचा ब्रश हातात तसाच राहायचा. दादा जिवंत असताना वकील एकाही वादात हरला नव्हता.

"काय म्हणतोय दादा?" नणंद इकडून ओरडायची.

"म्हणतात, पुढच्या खोलीत तोंडं जास्त चालतात आणि हात कमी!"

"त्याला म्हणावं, मेला तरी टोमणे सुटले नाहीत!"

सगळी हसायची. मग हसणं एकाएकी विरायचं, आणि नुसती धडधड उरायची. उघड-मीट, उघड-मीट. त्या आवाजात एकदा वहिनीला खोकला ऐकू आला. वकिलाचा नव्हे. तिने नणंदेकडे पाहिलं. नणंद खाली मान घालून घडी घालत होती, पण घडी चुकीच्या रेघेवर पडली होती.

दुपारचा डबा ती आता मागच्या खोलीत, स्टुलाशेजारी जमिनीवर बसून खायची. एप्रन तिने धुतला नाही. त्या खळग्यात कुणाला बसू दिलं नाही. दादा तिला उरला होता तो एवढाच, स्टुलाएवढा.

उन्हं तापायला लागली तेव्हा बुटांच्या खोक्यांचं मोठं काम आलं होतं. एका दुपारी पंखा बंद पडला. लाइट गेली होती. मागचं मशीनही थांबलं. त्या दोघी पदराने वारा घेत बसल्या. थोड्या वेळाने लाइट आली, पंखा फिरला, पण मशीनची धडधड सुरू व्हायला जरा उशीरच झाला. संध्याकाळी वहिनी कापून आलेले तक्ते वेगळे करत होती. एक तक्ता उचलला आणि तिच्या हाताला कापड लागलं.

खोक्याच्या झाकणाची जागा होती तिथे सदऱ्याची बाही चिकटली होती. मनगटाजवळची, बटणासकट. साच्याने ती पुठ्ठ्याबरोबर कापली होती आणि तिच्यावर घडीची रेघही उठवली होती, अगदी काटकोनात, खोकं उभं करताना जिथे दुमडतात तिथे.

ती मागच्या खोलीत गेली. वकील बाह्या कोपरापर्यंत दुमडून मशीन पुसत होता.

"हे काय?"

त्याने तक्त्याकडे पाहिलं. "सदरा जुना होता."

"मी सदऱ्याचं विचारत नाहीये."

"काही झालं नाही वहिनी. बाही अडकली. ओढत होतो, सुटेना, जबडा मिटायला आला, आणि थांबला. तेवढ्यात हात सोडवला, बाही आतच राहिली." त्याने स्टुलाकडे हनुवटी केली. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आनंद होता, आणि तो बघून वहिनीच्या अंगावर काटा आला. "दाबलं की त्यांनी बटण! बसलेत ना."

वहिनीला पंखा आठवला. मंद होत होत थांबलेलं त्याचं पातं आठवलं. लाइट गेली होती, हे तिच्या जिभेवर आलं. पण वकील एप्रनकडे बघत होता आणि एप्रन, काय सांगावं, एप्रनही त्याच्याकडे बघत होता. तक्ता तिने टेबलाखाली सरकवून ठेवला. त्यानंतर बुटाचं प्रत्येक खोकं उभं करताना झाकणाच्या घडीशी तिची बोटं अडखळायची.

पुढे काही दिवसांनी मंडळाच्या पाहणीवाल्या बाई आल्या. औषधाच्या बाटलीच्या खोक्यासारख्या: उंच, अरुंद, वरून झाकण घट्ट. खांद्याला पिशवी, पायांत चपटे बूट. दारातच म्हणाल्या, "खोकीवाल्यांच्या मंडळाकडून आलेय. मशीन बघायचंय."

"कुठलं मंडळ?" नणंद ब्रश रोखून उभी राहिली. "आम्ही कुठल्या मंडळात नाही. कशावर सही केलेली नाही."

"सही लागत नाही ताई. कारखानदारांची संघटना आणि कामगारांच्या युनियन समोरासमोर बसून करार करतात. तो झाला की सरकार अख्ख्या धंद्याला लावतं. पुठ्ठ्याचं खोकं करणारा प्रत्येकजण त्यात आला."

"आम्ही तीन माणसं आहोत हो! त्यातल्या दोन घरच्या."

"मशीनला ते कळत नाही," बाई म्हणाल्या, आणि चौकटीतून आत गेल्या.

मशीन चालू होतं. वकिलाचे हात आत-बाहेर होत होते. बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं, लाल बटणाकडे पाहिलं.

"राखणीला कोण?"

"बसलेत ना," वकील म्हणाला.

बाईंनी स्टुलाकडे पाहिलं. मग वकिलाच्या तोंडाकडे, वहिनीच्या, नणंदेच्या. कुणीच हसत नव्हतं. बाईंनी पिशवी हळूच खाली ठेवली, दोन पावलं पुढे गेल्या आणि लाल बटण स्वतःच दाबलं. जबडा अर्धा उघडा राहिला. इतकी शांतता झाली की माठातून ठिबकणारं पाणी ऐकू आलं.

"एप्रन स्टुलावर आहे," बाई म्हणाल्या, "आणि मशीन चालू?"

"म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे काय म्हणजे? राखणीवरचा माणूस उठतो तेव्हा एप्रन काढून स्टुलावर ठेवतो. एप्रन दिसला की मशीन बंद. तो परत येऊन एप्रन अंगात घालेपर्यंत बंद. या धंद्यात पहिल्या दिवशी हे शिकवतात." त्यांनी आवाज खाली आणला. "स्टुलावरचा एप्रन म्हणजे इथे कुणी नाही, बाई."

वहिनीने चौकट धरली. दादा पाणी प्यायला यायचा तेव्हाची ती शांतता तिच्या कानात भरून आली, एकेक वेळची, इतक्या वर्षांची. दम खात नव्हता तर वकील. एप्रन बघत होता.

"आठ दिवस देते," बाई म्हणाल्या. "जिवंत माणूस स्टुलावर दिसला पाहिजे. नाही दिसला तर मशीनला सील. बाकीच्या कलमांसाठी लहान कारखान्यांना मुदत मागता येते, सवलत मागता येते. मी स्वतः अर्ज करायला मदत करीन. राखणीला सवलत नाही."

"सगळ्यांनाच नाही?"

"कुणालाच नाही. होणार होती खरं तर. लहान कारखानदारांनी फार ओरडा केला होता, एक माणूस नुसता बसवायचा म्हणजे काय, म्हणून. मी तेव्हा मंडळात नवीन होते, पाण्याचे ग्लास भरत होते. सवलत द्यायचं जवळजवळ ठरलं, तर त्यांच्यातलाच एक उठला. निळा एप्रन घालून आला होता सभेला, लोक हसत होते. म्हणाला, 'मला सवलत देऊ नका. दिलीत तर मी घेईन. मला माझा भरवसा नाही.'" बाईंनी पिशवी उचलली. "खाली बसला तेव्हा शेजारच्या दोघांनी खुर्च्या लांब सरकवल्या."

स्टुलावरच्या एप्रनकडे त्यांची नजर गेली. रंग बघून की काय, त्या जरा थांबल्या, झाकण थोडं सैल झाल्यासारखं वाटलं. पण विचारलं काही नाही. गेल्या.

वहिनीला ते वर्ष आठवलं: पलीकडच्या गल्लीतल्या खोकीवाल्याने गोंद उसना देणं बंद केलं होतं, आणि का ते दादाने सांगितलं नव्हतं. उलट तिनेच त्याला ऐकवलं होतं, दिवसभर स्टूल उबवणाऱ्याशी कोण बोलणार म्हणून.

"तुला माहीत होतं," ती वकिलाला म्हणाली. "एप्रनचं."

"कुणाला माहीत नसतं?"

"मग सुरू का केलंस त्या दिवशी?"

वकिलाकडे मुद्दा नव्हता. त्याने डावा हात उजव्या काखेत घातला, थंडी वाजल्यासारखा.

"मोठ्या कारखान्यात दादा माझ्या राखणीला होते," तो म्हणाला. "पाणी प्यायला उठले. एप्रन ठेवला. मी मशीन थांबवलं. सुपरवायझर आला. टेम्पो दारात उभा होता, माल निघायचा होता. त्याने एप्रनकडे बोट केलं आणि म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"जाऊ द्या वहिनी."

"काय म्हणाला तो?"

"'बसलाय तो. कर सुरू.'"

पुढच्या खोलीत नणंदेच्या हातून ब्रश गोंदात पडला.

वहिनी जमिनीवरच बसली, डबा खायच्या तिच्या जागेवर. तेच शब्द. तशीच मान हलवून बहुतेक, तसंच बोट करून. ते शब्द इतकी वर्षं कुठे होते? या खोलीतच दबा धरून बसले होते, आणि बाहेर पडायला त्यांना तिचं तोंड सापडलं?

"सांगायचं होतंस मला."

"सांगणार होतो. तोंड उघडलं होतं. पण तुम्ही त्या खिशाची कड सरळ करत होतात." त्याचा आवाज पार बसला होता. "मला वाटलं, आपण नाही म्हटलं तर ते उठतील. आणि एकदा उठले की परत कोण बसवणार त्यांना? तुम्ही म्हणालात बसलेत. मी म्हटलं, बसलेत तर बसलेत. आणि बसले होते वहिनी! बटण दाबलं ना त्यांनी?"

आता गप्प राहणं शक्य नव्हतं.

"लाइट गेली होती," ती म्हणाली.

"कधी?"

"तुझी बाही अडकली तेव्हा. पुढचा पंखा थांबला होता. मला तेव्हाच कळलं होतं."

वकील तक्त्यांच्या ढिगावर बसला. एकदम म्हातारा दिसायला लागला. "म्हणजे दादा नव्हते?"

"लाइट गेली होती."

नणंद चौकटीत येऊन उभी होती. डोळे लाल, हात गोंदाने माखलेले. "मग लाइट कुणी घालवली?" ती म्हणाली.

आठवडाभर मशीन बंद राहिलं. बुटांच्या खोक्यांचं काम परत करावं लागलं. बुटवाला दारात उभा राहून बडबडून गेला. वहिनी आणि नणंद आधीच कापून ठेवलेले तक्ते चिकटवत राहिल्या, आणि दिवसभर त्यांचा एकच वाद चालला होता.

"दुसरं स्टूल आण," नणंद म्हणायची. "त्याच्या शेजारी ठेव. त्यावर बस तू. बाईंना जिवंत माणूस बघायचाय ना? बघू दे. दादाला कशाला हलवायचं?"

"बटण एक आहे वन्सं."

"मग?"

"वकील कुणाकडे बघेल?"

"तू अशी कशी गं? तुझ्या हाताने बसवलंस, तुझ्याच हाताने उठवणार?"

"माझ्याच हाताने बसवलं म्हणून."

"मला भाऊ एकच होता," नणंद म्हणाली, आणि गोंद इतका जोरात ढवळला की टेबलावर सांडला. "आणि मी एकटी इथे बसून कुणाशी बोलू? तू आत, तो आत, सगळे आत!"

"मोठ्याने बोला. चौकटीला दार नाहीये."

नणंद रडता रडता फिसकन हसली, आणि मग हसली म्हणून आणखी रडली.

ज्या दिवशी बाई यायच्या होत्या त्या सकाळी वहिनी एकटीच आधी आली. कुलूप काढलं. आत कुणीतरी बसलंय असं नेहमीसारखं वाटलं. ती स्टुलासमोर उभी राहिली. एप्रनचे बंद आज उजवीकडे होते.

"उठा," ती म्हणाली.

पुढे तिला आणखी बोलायचं होतं. वाक्य तयार केलं होतं येता येता: तुम्ही स्टूल उबवता असं मी म्हणायचे त्याबद्दल. ते तसंच ठेवून तिने दोन्ही हातांनी एप्रन उचलला. तिच्या अपेक्षेपेक्षा तो जड लागला, आणि उचलताच हलका झाला, जणू मधेच कुणी हात सोडला. फळीतला खळगा उघडा पडला. त्यात धूळ नव्हती.

तिने एप्रन डोक्यातून घातला. बंद मागे नेऊन ओढली की सुटणारी गाठ मारली. स्टुलावर बसली, आणि दचकली. खळगा तिच्या मापाचा नव्हता; तिला त्यात थोडं सरकून, एका अंगाला बसावं लागलं, अर्धी जागा कुणासाठी सोडावी तसं.

वकील आला, चौकटीत थबकला. मग त्याने साचा बसवला, तेल दिलं. हिरव्या बटणावर बोट ठेवून तिच्याकडे पाहिलं. या वेळी ती काही म्हणाली नाही. लाल बटणावर हात ठेवला आणि मान हलवली.

जबडा उघडला. वकिलाचे हात आत गेले. आठ बोटं. बाहेर आले. पुन्हा आत. वहिनीने आजवर हे चौकटीतून, पाठमोरं, जाता-येता पाहिलं होतं. समोरून कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी वाटत होतं, आता राहिले आत. प्रत्येक वेळी बाहेर येत होते. तिचा दंड दुखायला लागला, डोळ्यांत पाणी यायला लागलं, पापणी लवायची भीती वाटायला लागली. दिवसभर? असं दिवसभर बघायचा हा माणूस? आणि तिच्या टोमण्यांना तिकडून उत्तरंही द्यायचा, हसत, नजर न काढता!

"माझा मुद्दा असा आहे वहिनी," वकील धडधडीतून म्हणाला, "की हा पुठ्ठा ओलसर आहे."

"हातांकडे बघ," ती म्हणाली.

"बघतोय."

"मग ओलसर असू दे."

पुढच्या खोलीतून नणंद ओरडली, "काय म्हणतेय ती?"

"म्हणतात, तोंडं जास्त चालतात!"

बाई येऊन गेल्या. चौकटीपाशी उभ्या राहिल्या, स्टुलावर बसलेल्या निळ्या एप्रनकडे बराच वेळ बघत राहिल्या, मान तुकवली, आणि नणंदेने पुढे केलेला चहा उभ्यानेच प्यायल्या. वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहता येत नव्हतं.

दुपारी तिला तहान लागली. खूप वेळची लागली होती, पण उठायचं धाडस होत नव्हतं. शेवटी ती उभी राहिली, गाठ ओढली, एप्रन काढला आणि स्टुलावर ठेवला. बसवला नाही, नुसता ठेवला. वकिलाचे हात तत्काळ बाहेर आले. मशीन थांबलं.

ती शांतता आली. तीच, जुनी, माठाच्या ठिबकण्याची. वकील स्टुलाकडे पाठ करून उभा राहिला, हात पोटाशी धरून, देवळात उभं राहावं तसा. वहिनी पुढे गेली. ग्लास भरला. पाणी पिताना मागच्या खोलीत फळी करकरली. नणंदेने मान वर केली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कुणीच वळून बघितलं नाही.

वहिनीने ग्लास पालथा घातला आणि परत आली. एप्रन ठेवला होता तसाच होता. तिने त्याला हात लावला. गरम होता. ऊब तिचीच होती, आत्ताच तर अंगातून काढला होता, एवढं तिला कळत होतं. तरी तो उचलायला तिने जरा वेळ लावला, आणि वकिलानेही घाई केली नाही.